तुंबडीतली जाळी

"निघाली! निघाली गो, जाळी निघाली!"

मांडवातली दोनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते बाकड्यावर चढले, बाकडं मोडलं, चारपाच जण खाली कोसळले, तरी कुणी हसलं नाही. वैशाखरे गावाच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात हा मांडव पडला होता. मधोमध पितळेची परात होती. आणि परातीतल्या लालसर पाण्यात तारेची इवलीशी जाळी चमकत होती.

कमळूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यानं परातीकडं पाहिलं, मग समोर मांडी घालून बसलेल्या आपल्या पोरीकडं पाहिलं, आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं.

"बघ रे," तुंबडीमहाराज तोंड पुसत म्हणाले, "मुंबईच्या डाक्टरला हेच काढायला वीज लागते, दुर्बीण लागते, गुंगीचं इंजेक्शन लागतं. आमाला काय लागतं? एक मंतर आणि एक ओढ!"

लोकांनी जयजयकार केला. का नाही करणार? डोळ्यांदेखत झालं होतं सगळं. महाराजांची तांब्याची तुंबडी वीतभर लांब, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. रुंद तोंड दुखणाईताच्या अंगावर टेकायचं, निमुळतं आपल्या तोंडात धरायचं आणि गाल आत जाईपर्यंत ओढायचं. डोळे फिरवायचे, अंगाला झटके द्यायचे, मग परातीत थुंकायचं. कुणाच्या गुडघ्यातून काटा निघे, कुणाच्या पोटातून खिळा. एका सासूच्या पोटातून सुनेनं खायला घातलेले केस निघाले होते. त्या सुनेचं घरी पुढं काय झालं असेल, हे महाराजांना विचारायची कुणाची छाती होती?

दीपिका मात्र छातीवर हात ठेवून तशीच बसली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काय नाय निघालं. मला अजून तसंच दाटतंय."

"गप! महाराजांपुढं असं बोलू नये," कमळूनं तिला दटावलं. त्याला पोरीचा राग नव्हता आला. तो घाबरला होता. गेले तीन महिने तो नुसता घाबरतच होता.

दीपिका सोळा वर्षांची, आश्रमशाळेत दहावीला. लहानपणापासून तिला भाकर अडकायची. पाण्याच्या घोटावर घास उतरवायची, आणि घरचे म्हणायचे, पोर घाई करते. त्या पावसाळ्यात पेजसुद्धा अडकायला लागली, तेव्हा मुरबाडहून कल्याण, कल्याणहून मुंबई असं करत ती एका मोठ्या इस्पितळात पोचली. डॉक्टर म्हणाले, अन्ननळीच्या भिंतीत पाण्यानं भरलेली गाठ आहे, जन्मापासूनची. कुणी केलेली नाही, कशाचा कोप नाही. छाती उघडून गाठ काढली. सगळं छान झालं म्हणून मंगळीनं, म्हणजे दीपिकाच्या आईनं, इस्पितळाच्या दारातच हात जोडले होते.

पाचव्या दिवशी पोर तापानं फणफणली. गाठ काढलेल्या जागी अन्ननळीला बारीक भोक राहिलं होतं. गिळलेलं पाणी छातीत झिरपत होतं. पुन्हा छाती उघडायची का, असं कमळूनं भीत भीत विचारलं. पण डॉक्टर म्हणाले, तशी गरज नाही. तोंडातून दुर्बीण घालून आतून एक जाळी बसवू, ती भोक झाकेल, खालचं मांस भरून येईल. सहा आठवड्यांनी याच वाटेनं जाळी काढून घेऊ. तोवर फक्त पातळ खायचं. आणि तारखेला यायचंच, नाहीतर मांस जाळीला धरतं, मग काढणं अवघड होतं.

कमळूनं मान हलवली होती, पण दारात उभा राहून त्यानं दुर्बिणीची ती काळी, बोटाएवढी जाड नळी पोरीच्या घशात जाताना पाहिली आणि त्याला भिंतीला धरून खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून तारखेचा कागद घरातल्या आढ्याला खोचलेला होता, आणि कमळू त्या बाजूला बघायचं टाळायचा. तारीख आठवड्यावर आली आणि नेमके तेव्हाच तुंबडीमहाराज आले. दुर्बीण नको, नळी नको, पोरीला उलट्या नकोत. बुडणाऱ्याच्या हाताला फांदी लागावी तसं त्याला झालं.

कमळू मांडवातून निघाला तेव्हा महाराजांनी आज्ञा केली होती. "तिसऱ्या दिवशी देवाचा कोंबडा कर. मानाचा तुकडा पोरीला दे. आता पेज बंद! पोर मटन खाईल तवाच कळंल, जाळी गेली का नाय ते."

ती जाळी मंगळीनं तांबड्या कापडात बांधून दाराच्या चौकटीला टांगली. कमळूचा चुलता बुधू, पंच्याहत्तरीचा, एकेकाळी वाडीचा भगत, सकाळी चहाला आला तेव्हा त्यानं ती सोडून बघितली. बोटांनी चाचपली. कमळूकडं बघून तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"काय रे काका?"

"काय नाय," म्हाताऱ्यानं कापड बांधलं. "तारखेला जाऊन तरी ये एकडाव."

"आता कशाला जायचं? जाळीच नाय तर काढणार काय?"

बुधू उठून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोंबडा झाला. वाडीतली चार घरं जेवायला होती. नवसाचा कोंबडा असला की या वाडीत एक रीत होती. ज्याच्या नावानं नवस, त्यानं पहिला तुकडा खायचा, तोही अख्खा. तो थुंकायचा नाही. थुंकला तर देवानं नवस परत केला असं मानायचे. दीपिकानं पानातल्या तुकड्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"आये, बारीक करून दे ना."

"मानाचा हाय गो," मंगळी म्हणाली. "चाव आणि गिळ. देवाचं नाव घे."

पोरीनं चावला. जेवढा चावता आला तेवढा. डोळे मिटून गिळला.

आणि तिथंच तिचं अंग ताठ झालं.

तिनं छातीच्या मधोमध मूठ दाबली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर घोटभर आत गेलेलं पाणी तसंच उलटून नाकातोंडातून बाहेर आलं. थुंकीसुद्धा उतरेना. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली, ओठ थरथरायला लागले. श्वास चालू होता, पण प्रत्येक श्वासाला ती विव्हळत होती. आणि एवढं होऊनही पोर थुंकायला तयार नव्हती. नवस मोडेल म्हणून ती दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत होती.

कमळूनं तिचे हात धरून तोंडावरून ओढले. ती लहानपणापासून ऐकणारी पोर होती. आणि आपण तिला हेच ऐकायला शिकवलं होतं.

"थुंक!" तो ओरडला. "थुंक गो पोरी, नवस गेला खड्ड्यात, थुंक!"

पण आता थुंकून काय उपयोग? तुकडा खाली रुतला होता.

रस्त्यावर जीप मिळेपर्यंत अर्धा तास गेला. वैशाखऱ्याहून मुरबाड काही फार लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. मंगळी पोरीला मांडीवर घेऊन देवाची नावं घेत होती. कमळू प्रत्येक वळणावर मागं वळून बघत होता, पोरीचे डोळे उघडे आहेत ना एवढंच बघत होता. जीपमधला एक जण म्हणाला, महाराजांकडं वळवू का गाडी, मांडव वाटेतच आहे. कमळूच्या मनात क्षणभर आलंही, खोटं कशाला बोला. पण दीपिकानं त्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली आणि जोरजोरानं मान हलवली. नाही. नाही. या खेपेला त्यानं ऐकलं.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मेघा होती. आसनगावची मुलगी, सहा महिन्यांपूर्वीच रुजू झालेली. तिनं दीपिकाला पुढं झुकवून बसवलं, लाळ गिळू नको, बाहेर सोड म्हणाली, हाताला सलाइन लावलं आणि विचारलं, "आधी काही ऑपरेशन झालंय?"

"झालंय ना. जाळी बसवली होती. पण ती काढली."

"कोणी काढली?"

कमळूनं खिशातून तांबडं कापड काढलं. निघताना मंगळीनं ते रक्षणासाठी त्याच्या खिशात कोंबलं होतं. डॉक्टरनं जाळी उजेडात धरली, बोटांत वाकवली, आणि तिच्या कपाळाची शीर उठली.

"काका, ही चहाच्या गाळणीची जाळी आहे. कडेला कात्रीनं कापलेलं दिसतंय. घरी जाऊन गाळणी बघा, भोकं तशीच आहेत."

"पण ती पोरीच्या छातीतून..."

"थांबा जरा."

एक्स-रे निघाला. डॉक्टरनं ओली फिल्म उजेडाच्या खोक्यावर लावली. फासळ्यांच्या मधोमध, कण्याला लागून, विणलेल्या करंडीसारखी एक नळी स्वच्छ दिसत होती. वीतभराहून जरा कमी लांब, अंगठ्याहून जाड.

"ही तुमची जाळी," डॉक्टर मेघा म्हणाली. "जिथं बसवली तिथंच आहे. तिच्यातच तुकडा अडकलाय. पातळ खायला सांगितलं होतं ते एवढ्यासाठीच."

कमळू त्या चित्राकडं बघत राहिला. तीन दिवस आपण पोरीला सांगत होतो की जाळी नाही, आणि ती सांगत होती की आहे. छाती तिची होती. आणि आपण ऐकलं कुणाचं? ज्याला तिचं नावही धड माहीत नव्हतं त्याचं. त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारली. डॉक्टरनं त्याचा हात धरला.

"ते नंतर. आता ॲम्ब्युलन्स येतेय. मी मुंबईला फोन केलाय, ते वाट बघतायत."

त्या संध्याकाळी मुंबईच्या डॉक्टरांनी तीच काळी दुर्बीण घातली. कमळूला त्यांनी मुद्दाम आत बोलावलं, पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर गुलाबी बोगदा दिसत होता, बोगद्यात तारेचं विणकाम, आणि मधोमध बसलेला मानाचा तुकडा. चिमट्यानं त्याचे तुकडे करून एकेक बाहेर काढला. मग रंगीत औषध सोडून पाहिलं. भोक बुजलं होतं. डॉक्टरांनी जाळीच्या वरच्या कडेचा दोरा चिमट्यात धरला, तशी जाळी आक्रसली आणि अलगद वर सरकत बाहेर आली. ट्रेमध्ये पडली तेव्हा कमळूनं ती वाकून बघितली. विणलेली नळी, वरून पारदर्शक पापुद्रा, तोंडाशी निळा दोरा. गाळणीशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

"आणखी दोन महिने उशीर झाला असता," डॉक्टर म्हणाले, "तर मांस वाढून ही आत रुतली असती. तेव्हा एवढ्या सहज आली नसती. आता व्रण भरताना नळी थोडी आकसेल. तेव्हा आतून फुगा फुगवून रुंद करू, दोनतीन वेळा लागेल. पण पोर भाकर खाईल."

घरी परतल्यावर कमळूनं आधी बुधूकाकाला गाठलं. म्हातारा अंगणात बसला होता. एक्स-रेची फिल्म त्यानं आभाळाकडं धरून पाहिली आणि मान खाली घातली.

"मला ठावं होतं," तो म्हणाला.

"काय ठावं होतं?"

"तोंडातनं काढतात ते. मी पन काढलंय, कमळ्या. तरणा होतो तवा पोटातले खडे काढायचो. गालात ठेवायचा, बांबूच्या नळीनं ओढायचं, थुंकायचं. लखमाची पहिली बायको आठवते? तिच्या पोटातनं मी तीन खडे काढले. ती म्हनायची, काका, दुखायचं थांबत नाय. मी म्हनायचो, थांबंल. दोन महिन्यांत गेली." म्हाताऱ्यानं फिल्म खाली ठेवली. "त्या दिवशी नळी मोडली. पन सांगितलं नाय कुनाला. तुझ्या दारातली जाळी बघितली तवा सांगायला पायजे होतं. लाज वाटली रे. पोर मरता मरता राहिली माज्या लाजंपायी."

 कमळूनं म्हाताऱ्याच्या शेजारी बसून त्याचा हात धरला. मग विचारलं, "पन त्याला जाळीचं कळलं कसं? मी तर महाराजांशी एक शब्द बोललो नव्हतो."

"रांगेत कुनाशी बोललास?"

कमळूला आठवलं. पाणी वाटणारी रंगूबाई. पांढरं लुगडं, मायेचं बोलणं. काय रे बाळा, पोरीला काय होतंय? आणि त्यानं सगळं सांगितलं होतं. जाळी, तार, भोक, तारीख. ती तोंडाला पदर लावून रडलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी दोघं मांडवात गेले.  दोनशे माणसांच्या मधे महाराजांना खोटं पाडायचं, म्हणजे हाडं शाबूत राहतील की नाही याची खात्री नव्हती. रंगूबाईनं ओळखू नये म्हणून कमळू गर्दीत मागं राहिला, आणि बुधूनं रांगेत बसून तिला आपलं दुखणं सांगितलं. "तीस साल झालं. भावकीनं बांगडीची काच चारली. पोटात फिरते."

रंगूबाईनं तोंडाला पदर लावला आणि उठून मांडवामागं गेली.

म्हाताऱ्याची पाळी आली. रंगूबाईनं तीर्थाचा लोटा महाराजांपुढं ठेवला. महाराजांनी त्यातलं घोटभर तोंडात घेतलं, खळखळवून चूळ भरल्यासारखं केलं, थोडं गिळलं. मग तुंबडी बुधूच्या पोटाला लावली. झटके आले, डोळे फिरले.

"भावकीतलं हाय हे! तीस सालाचं! काच हाय काच!" आणि परातीत टण्णकन हिरव्या बांगडीचा तुकडा पडला.

जयजयकार झाला. बुधूनं हात जोडले आणि बाजूला सरकला. पुढं एक बाई येऊन बसली. भिमी तिचं नाव, कडेवर दीड वर्षाचं पोर, हातापायाच्या काड्या झालेलं. पोराला दूध टिकत नव्हतं. रंगूबाईनं नवा लोटा आणून ठेवला. महाराजांनी लोट्याकडं हात नेला.

त्याच्या आधी बुधूनं लोटा उचलला.

"ए म्हाताऱ्या! तीर्थ हाय ते! जळून जाशील!"

"मी या धंद्यात तुज्याआधी जळलोय," बुधू म्हणाला, आणि त्यानं लोटा परातीत उपडा केला.

पाणी सांडलं. आणि पाण्यासोबत दोऱ्यानं बांधलेला काळ्या केसांचा गोळा परातीत पडला.

 कमळू पुढं येऊन परातीपाशी उभा राहिला. 

"हे केस आता या लेकराच्या पोटातनं निघणार होते. अजून तुंबडी लावलीच नाय, तर केस आले कुठनं? चूळ भरताना तोंडात घेतो, गालात धरतो, ओढल्याचं सोंग करून थुंकतो. रोग काय ते ही बाई रांगेत विचारते आणि मागं जाऊन तो लोट्यात घालते. या काकानं कधी काच खाल्ली नाय. आमी खोटं सांगितलं, तरी काच निघाली!"

"श्रद्धा कमी पडली की असंच..." महाराज उठत म्हणाले.

"माजी श्रद्धा कमी पडली नाय!" कमळू ओरडला, आणि एक्स-रेची फिल्म वर धरली. "लई जास्त झाली! ही बघा माज्या पोरीची छाती. तुमी सगळ्यांनी बघितलं ना, जाळी निघाली म्हणून? हे त्यानंतर तीन दिवसांनी काढलंय. जाळी आतच हाय! मी दुर्बिणीला भ्यालो, म्हणून याच्याकडं आलो. आपन सगळे भितो, त्यावरच याचा मांडव उभा हाय. भ्यायला माजी ना नाय. पन भ्यालेल्या मानसानं डोळे मिटून घ्यायचे नसतात. कुनी म्हनलं काढलं, तर दाखव म्हना. आधी तोंड उघड म्हना. आणि ज्याला दुखतंय त्याला विचारा, थांबलं का म्हणून!"

पहिला दगड कुणी उचलला ते कमळूला दिसलं. तो महाराजांच्या आणि त्या माणसाच्या मधे जाऊन उभा राहिला. मारू नका, पोलिसात द्या, म्हणाला. तेवढ्या गोंधळात महाराज आणि रंगूबाई मांडवामागच्या जीपमध्ये बसले आणि घाटाच्या दिशेनं पसार झाले. पुढच्या कुठल्यातरी गावी त्यांचा मांडव पुन्हा पडेल, हे काही कमळूपासून लपलेलं नव्हतं.

माणसं हळूहळू पांगली. भिमी मात्र परातीसमोर तशीच बसून होती. त्या केसांच्या गोळ्याकडं बघत ती पोराच्या पोटावरून हात फिरवत होती, फिरवत होती.

"दादा," ती अखेर म्हणाली, "मग माज्या लेकराच्या पोटात काय हाय?"

"मला ठाव नाय," कमळू म्हणाला. "काकाला बी ठाव नाय. ज्याला ठाव नसून ठाव हाय म्हनतो ना, त्याच्याकडं जायचं नाय एवढंच मला कळतं. मुरबाडला डाक्टरीणबाई हाय. चल, मी येतो."

भिमीनं पोराला पदराखाली घेतलं आणि उठली. रस्त्याला येईपर्यंत ती पोराला थोपटत राहिली. लांबून जीप येताना दिसली तसं तिनं घाबरून विचारलं, "दोन महिने झाले दादा याला. एवढा उशीर केला म्हणून ती रागवंल का?"

"रागवंल," कमळूनं जीपला हात केला. "रागवू दे. पन बघंल."